पुस्तकाबरहुकूम

आमच्या कचेरीत वाचन चालतं. एकजण जाडजूड पुस्तक उघडून मोठ्याने वाचतो आणि दुसरा कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवून 'बरोबर, बरोबर' म्हणत जातो. वाचायचं असतं ते असं: शून्य, शून्य, एक, एक, टिंब, टिंब, एक, शून्य. आमची कचेरी पनवेल गावात, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दुकानातले सेल्समन सुरुवातीला जिन्यात थांबून ऐकायचे. एकाने मला विचारलंही होतं, "हे कुठल्या देवाचं?" आता त्यांना सवय झाली आहे.

आमचं काम थोडक्यात सांगतो. तळोजा, रसायनी, पाताळगंगा या पट्ट्यातल्या कारखान्यांत काही यंत्रं तीस-तीस वर्षांची आहेत. रंग किती ओतायचा, झडप कधी बंद करायची हे ठरवणारी एक चिप त्या प्रत्येकात असते. यंत्र बनवणारे कधीच धंदा गुंडाळून गेलेले असतात. चिपमध्ये काय लिहिलं आहे ते शब्दांत कुणाकडेच नसतं; आत नुसते आकडे. ते आकडे बाहेर काढून त्यांचे वाचता येतील असे शब्द केले, की कुठे बिघडलं आहे ते कळतं. आकड्यांचे शब्द करणाऱ्या प्रोग्रॅमला डिसअसेंब्लर म्हणतात. आमचा आम्हीच लिहिलेला आहे आणि कचेरीत त्याचं नाव 'उलगडा'. ज्यांनी मला हे काम शिकवलं त्या सरांनी तो सुरू केला. सर निवृत्त होऊन आपट्याला आपल्या गावच्या घरी राहायला गेले, तेव्हापासून गेली बारा वर्षं उलगडा माझ्याकडे आहे.

चिपचं पुस्तक मात्र परदेशातलं. थोरल्या मालकांनी ते मागवलं, त्याला खाकी कव्हर घातलं आणि कपाटात ठेवलं. दसऱ्याला सोल्डरिंगच्या हत्यारांबरोबर त्या पुस्तकालाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. थोरले मालक आता नाहीत, पण फूल अजून वाहिलं जातं. मला देवाधर्माचं फारसं नाही. पण ज्यावर पोट चालतं त्याला एक फूल वाहायला माझी हरकत नसते.

आता अडचण काय होती ते सांगायला हवं. चिपला दिलेली प्रत्येक सूचना म्हणजे सोळा घरांची एक ओळ, आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक. त्यातली काही घरं पक्की असतात. त्यांच्यावरून सूचना ओळखायची. बाकीची मोकळी, म्हणजे तिथे काहीही येऊ शकतं; कोणत्या कप्प्यातला आकडा उचलायचा, कुठे ठेवायचा, हे त्यांत सांगितलेलं असतं. आमच्या तक्त्यात मोकळ्या घरासाठी टिंब. उलगड्याने एक आकडा घ्यायचा, तक्त्यात वरून खाली बघत जायचं आणि जी ओळ पहिल्यांदा जुळेल तिचं नाव छापायचं. इतकं साधं.

पण एकच आकडा दोन ओळींत बसू शकतो. 'एका कप्प्यातलं दुसऱ्या कप्प्यात ने' या सूचनेची आठ घरं पक्की आणि आठ मोकळी. आता पहिल्या कप्प्यातलं पहिल्याच कप्प्यात नेलं तर? काहीच होत नाही. पुस्तक त्याला वेगळं नाव देतं, 'स्वस्थ राहा', आणि त्याची सोळाच्या सोळा घरं पक्की छापतं. आमचा तक्ता पुस्तकाच्या क्रमाने, म्हणजे इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने होता. त्यात 'ने'ची ओळ वर आणि 'स्वस्थ राहा'ची खाली. वरची ओळ जुळली की खालचीची पाळीच यायची नाही. म्हणून तक्त्याकडे जायच्या आधी दारातच एक अट घातलेली होती: हा आकडा आला तर तक्ता न बघता थेट 'स्वस्थ राहा' छाप.

अशा अटी वाढत वाढत सदतीस झाल्या होत्या. काही सरांच्या, बऱ्याचशा माझ्या. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मॅडम कामोठ्याहून येतात. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलायला अजिबात लहान नाहीत. त्यांनी पहिल्याच महिन्यात या अटींचं नाव ठेवलं, मानकरी.

"जत्रेत बघा ना सर," त्या म्हणाल्या, "सगळं गाव रांगेत आणि मानकरी बाजूच्या दाराने आत. तेच हे. शिवाय यांच्यात आपापसात पुढे कोण, यावरून भांडण."

भांडण खरंच होतं. नवीन अट घातली की जुन्या एखादीच्या पुढे घालायची की मागे, हे ठरवण्यात दिवस जायचा, आणि चुकलं तर तिसऱ्याच कारखान्याचा कागद बिघडायचा.

मग पाताळगंगेकडच्या एका रंगाच्या कारखान्याचं काम आलं. चिप आमच्याच जुन्या चिपच्या घराण्यातली, पण सूचना जास्त, आणि एकमेकींत बसणाऱ्या ओळी तर कितीतरी जास्त. धाकट्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते मला काका म्हणतात, कारण दहावीत मी त्यांना गणित शिकवलं आहे.

"काका, बाहेर रेडीमेड मिळतं आता. मी डेमो बघितला. आपला उलगडा छान आहे, पण नवी चिप आली की तुम्ही दोघं महिनाभर डोकं धरून बसता."

"महिनाभर नाही, तीन आठवडे," मी म्हणालो.

"बघा!" ते हसले. मग म्हणाले, "जानेवारीत दुरुस्तीसाठी त्यांचं शटडाऊन आहे. त्याच्या आधी नवी चिप वाचून दाखवा. आणि आपल्याकडे जुने जेवढे प्रोग्रॅम साठवलेत, ते सगळे होते तसेच छापून आले पाहिजेत. एक अक्षर इकडचं तिकडे नको. जमलं तर उलगडा राहील. नाही तर मी बाहेरचं घेतो."

त्यांचं म्हणणं वाजवी होतं. नोकरी जाण्याची भीती मला नव्हती. बाहेरचं यंत्र आलं असतं तरी ते चालवायला मीच लागलो असतो. पण बारा वर्षं जी वस्तू हाताने घडवली ती बंद करून दुसऱ्या कुणाच्या पेटीची बटणं रोज दाबायची, हे मला नको होतं. पन्नाशीनंतर माणसाला आपलं म्हणता येईल असं काम थोडंच उरतं. माझं हे एक होतं.

सदतीस मानकऱ्यांत आणखी पंचवीस-तीस घालून नवी चिप वाचता आली असती कदाचित. पण जुनं बिघडणार नाही याची खात्री मी देऊ शकलो नसतो, आणि खात्री नसताना 'हो' म्हणायचा माझा स्वभाव नाही. तेव्हा उरला एकच मार्ग, मानकरी काढायचे.

दोन दिवस मी नुसता अटी वाचत बसलो. तिसऱ्या दिवशी मॅडम चहाचा कप घेऊन बाजूला येऊन बसल्या.

"सर, हा तक्ता पुस्तकाच्याच क्रमाने का?"

"वाचनासाठी. एकाने वाचायचं, दुसऱ्याचं बोट खाली सरकत जायचं. क्रम बदलला तर वाचन कसं करणार?"

"म्हणजे आपल्या बोटाच्या सोयीसाठी उलगड्याने सदतीस जणांना नमस्कार करत जायचं?"

मी चहा प्यायलो. वाचन ही आमच्या कचेरीची शिस्त आहे. सरांनी घालून दिली, थोरल्या मालकांना तिचा अभिमान होता. तक्त्यात चूक राहत नाही ती वाचनामुळे, हे मीच नव्या माणसांना सांगत आलो आहे. पण मॅडमचा प्रश्न खोटा नव्हता.

"माणसांसाठी पुस्तकाचा क्रम राहू द्या," त्या पुढे म्हणाल्या. "उलगडा सुरू झाला की त्याने आपल्यापुरता क्रम लावून घ्यावा."

"कसला क्रम?"

"ते तुम्ही सांगा. आकडेमोड तुमच्याकडे."

मी कागद ओढला आणि प्रत्येक ओळीची पक्की घरं मोजली. 'स्वस्थ राहा'ची सोळा. 'ने'ची आठ. दुसरी एक जोडी घेतली: एकीची बारा, दुसरीची नऊ. बघितलेल्या प्रत्येक जोडीत जिला मान हवा होता त्या ओळीची पक्की घरं जास्त. मग नियम एवढाच होता: ज्या ओळीची पक्की घरं जास्त, ती आधी बघायची. जी ओळ नेमकं बोलते तिला पहिली पाळी, मोघम बोलणारीला नंतर. कुणाला दारात उभं करायची गरजच नव्हती.

संध्याकाळपर्यंत सदतीसातले तीस निघून गेले. एकेक अट पुसायची आणि साठवलेले सगळे, म्हणजे एकशे बारा, प्रोग्रॅम पुन्हा छापून जुन्या छपाईशी अक्षर न् अक्षर ताडायचे, असं आम्ही केलं. एकदम तीस पुसले असते तरी चाललं असतं, असं मॅडमचं मत. मी ते मानलं नाही.

उरलेले सात चिवट. त्यांतल्या सहांत दोन ओळींची पक्की घरं अगदी सारखी भरत होती, त्यामुळे नियमाला आधी कोण ते सांगता येईना. त्यांच्यासाठी तक्त्यात एक रकाना वाढवला, 'हे सोडून'. ही ओळ अमुक घरांत अमुक आलं तर लागू नाही, असं ओळीतच लिहून टाकायचं. यात पंधरवडा गेला. माझी बायको शाळेत भूगोल शिकवते, तिला उलगड्यात काडीचा रस नाही, पण रोज मी बूट काढेपर्यंत विचारायची, "आज किती पडले?" जसं काही मी मैदानावरून येतोय. एखाद्या दिवशी "एकही नाही" म्हटलं की म्हणायची, "मग पोळी एक कमी."

शेवटी एक राहिला. तो सरांचा होता. कोडमध्ये अटीच्या वर सरांनी मराठीत एक ओळ लिहून ठेवली होती: 'हात लावू नये.' खाली अट: हा आकडा आला तर 'दोन कप्प्यांतल्या आकड्यांची अदलाबदल' असं छाप.

अदलाबदलीची सूचना तक्त्यात होतीच, पुस्तकाबरहुकूम. पण सरांचा आकडा तिच्याशी जुळत नव्हता. एका घराचा फरक. मी अट पुसली आणि सगळं छापून ताडलं. एकशे अकरा तंतोतंत. एका साबणाच्या कारखान्याच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलली. जिथे आधी 'अदलाबदल' होतं तिथे आता 'ओळख पटत नाही'.

मी ते धाकट्या मालकांना लपवलं नाही. ते म्हणाले, "काका, एका ओळीचा फरक म्हणजे फरक."

"मान्य आहे."

"मग तो एक राहू दे ना आत. छत्तीस गेले, पुष्कळ झालं."

तेही करता आलं असतं. पण मला प्रश्न पडला होता तो वेगळा. ही लकब त्या साबणाच्या कारखान्यातल्या एकट्या चिपची होती, की त्या जातीच्या सगळ्याच चिपची? एकटीची असेल तर अट ठेवणंच बरोबर. सगळ्यांची असेल तर नव्या चिपमध्येही तोच घोटाळा येणार, आणि शटडाऊनच्या वेळी झडपेचं गणित चुकणार. साबणाचा कारखाना बंद पडला होता, चिप भंगारात गेली होती. विचारणार कुणाला? सरांना. आणि सरांना फोनवर ऐकू येत नाही.

रविवारी मी आणि बायको आपट्याला गेलो. आधी कळवलं होतं, म्हणून सरांनी पोपटी लावायचा घाट घातला होता. घरामागे नदीकडे उतरणाऱ्या जागेत मडकं उलटं ठेवलेलं, आत भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, आणि भोवती पेटवलेला पालापाचोळा. सर हातात काठी घेऊन आगीशी बसले होते. मी लॅपटॉप काढायला गेलो तर वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, अडवलं.

"आधी शेंगा खावा. तुमचा आकडा काय पलून जात नाय."

बायकोने लगेच त्यांची बाजू घेतली. मडकं फुटण्याआधी बाहेर आलं, पाला बाजूला झाला, आणि शेंगांचा वास सुटला तेव्हा मीही लॅपटॉप विसरलो. पुरेसं खाऊन झाल्यावर मी सरांच्या कानाशी बसलो.

"सर, 'हात लावू नये' असं लिहिलंय तुम्ही."

"मग लावलास का?"

"लावला."

"शॉक बसला?"

"एका ओळीचा बसला."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी आकडा दाखवला. त्यांनी चष्मा न लावताच ओळखला.

"ती एकट्या साबणवाल्यांचीच चिप तशी होती का?" मी विचारलं.

"छे रे. सगळ्या तशाच. पुस्तकात छापण्याची चूक आहे. अदलाबदलीच्या ओळीत सातवं घर शून्य छापलंय, तिथं एक पाहिजे. मी चिपवर घालून बघितलं होतं."

"मग तक्त्यातली ओळच का नाही सुधारली? अट कशाला?"

"सुधारली होती. दोनदा. पुढच्या वाचनात कुणीतरी पुस्तकाशी ताडून परत शून्य केलं. तुम्ही लोक 'बरोबर' कधी म्हणता? पुस्तकाशी जुळलं की! तिसऱ्यांदा मी म्हटलं, तक्ता तुमचा, दार माझं. दारात बसवतो त्याला."

"पण मग पुस्तकच दुरुस्त करायचं."

सरांनी काठी खाली ठेवली. "दसऱ्याला ज्याला हळदकुंकू लावतात त्या पुस्तकात पेन चालवू? समोर थोरले मालक बसलेले असताना? तू चालवला असतास?"

मी नसता चालवला.

परतीच्या वाटेवर मी हिशोब मांडला. म्हणजे चूक माहीत होती, दुरुस्ती माहीत होती, आणि आमच्या शिस्तीनेच ती दोनदा पुसून टाकली होती. मी बायकोला हे सगळं सांगितलं. ती मांडीवर वहिनींनी दिलेल्या वालाची पिशवी सांभाळत बसली होती.

"अहो, माझ्या आईच्या पोथीत सगळीकडे पेन्सिलीच्या खुणा होत्या," ती म्हणाली. "छापणाऱ्याने शब्द गाळला असेल तर ती बाजूला लिहायची. आणि नंतर त्याच पोथीला नमस्कार करायची. देवाला राग आलेला मी तरी बघितला नाही."

सोमवारी मी सरांच्या शब्दावर विसंबलो नाही. सर चुकतील असं नव्हे; पण ऐकलेलं आणि तपासलेलं यांत मी फरक करतो. कपाटात त्याच जातीची चिप असलेला एक सुटा बोर्ड होता, वेगळ्या वर्षाचा, वेगळ्या कारखान्याचा. मॅडमनी एका कप्प्यात पाच घातले, दुसऱ्यात नऊ. पुस्तकातला आकडा चालवला. पाच पाचच राहिले, नऊ नऊ. मग सरांचा आकडा चालवला. पहिल्यात नऊ, दुसऱ्यात पाच.

"झाली अदलाबदल," मॅडम म्हणाल्या.

"पुन्हा करा. वेगळे आकडे घेऊन."

"सर!"

पण त्यांनी केलं. प्रत्येक वेळी तेच. मी पुस्तक काखेत मारून केबिनमध्ये गेलो आणि धाकट्या मालकांना म्हणालो की यात पेनने एक आकडा बदलायचा आहे, आणि पुस्तक तुमच्या वडिलांचं आहे, म्हणून विचारतो. त्यांनी खाकी कव्हरवरून हात फिरवला. कडेला हळदीचा जुना डाग होता.

"बाबांनी मला याच्यावर कधी चहाचा कपही ठेवू दिला नाही," ते म्हणाले. मग खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "तुम्हीच लिहा. माझं अक्षर त्यांना कधीच आवडलं नव्हतं."

मी सातव्या घरातल्या शून्यावर एक बारीक आडवी रेघ मारली, वर एक लिहिला, आणि समासात: 'चिपवर तपासले. पुस्तकात चूक.' खाली मी सही केली, मॅडमनी केली, धाकट्या मालकांनी केली. मग तक्त्यातलं सातवं घर बदललं आणि दारातला शेवटचा मानकरी पुसला. सगळं पुन्हा छापलं. एकशे बाराच्या एकशे बारा जुळले, साबणाचा कारखाना धरून.

नवी चिप वाचायला त्यानंतर फक्त तक्त्यात नव्या ओळी घालाव्या लागल्या. दारात कुणालाही बसवलं नाही. शटडाऊनच्या आठवडाभर आधी रंगाच्या कारखान्याचा सगळा प्रोग्रॅम शब्दांत छापून मी धाकट्या मालकांच्या टेबलावर ठेवला. त्यात अदलाबदल चार ठिकाणी होती, आणि झडपेचं गणित त्यातल्या दोन ठिकाणांवर उभं होतं. त्यांनी कागद चाळले, एकशे बारा प्रोग्रॅमचा ताळा बघितला आणि फोन उचलून बाहेरच्या लोकांना सांगितलं की आम्हाला नको आहे, आमचं आमच्याकडे आहे. फोन ठेवून म्हणाले, "काका, जेवलात का?"

नव्या ओळी कागद छापण्याआधी वाचून झाल्या होत्या; पूर्ण तक्त्याचं वाचन राहिलं होतं. ते आम्ही शटडाऊन आटोपल्यावर, जेवणानंतर, पंखा बंद करून केलं, म्हणजे पानं उडत नाहीत. या खेपेला जुन्या पुस्तकापासून सुरुवात केली, पुस्तक मॅडमकडे, बोट माझं. अदलाबदलीच्या ओळीपाशी त्या आल्या. पाचवं घर, सहावं घर. मग थोडं थांबून, सेल्समनना खाली ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्या म्हणाल्या, "एक."

तक्त्यातही एक होता.

"बरोबर," मी म्हणालो आणि बोट खाली सरकवलं.